खचलेला आत्मसन्मान आणि शुश्रूषा : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. शस्त्रक्रियेनंतर किंवा अचानक आलेल्या आजारपणानंतर माणूस स्वतःला कवडीमोल समजू लागतो, तेव्हा त्याच्या उशाशी असणाऱ्याने काय करावे, हे वाचकांनी विचारले आहे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. पंचेचाळिशीतील एका रुग्णाच्या मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया होऊन पोटावर स्टोमा (आतड्याचे तोंड पोटाच्या त्वचेवर आणून केलेली वाट, तिच्यावर मल जमा होण्यासाठी पिशवी लावतात) करण्यात आला आहे. पिशवी बदलताना ते भिंतीकडे तोंड वळवतात, पत्नीलाही जवळ येऊ देत नाहीत आणि ‘आता माझा कुणाला काय उपयोग’ असे म्हणतात. आम्ही सर्वजणी त्यांना धीर देतो, पण काही फरक पडत नाही. केअर प्लॅनमध्ये, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्यात, काय लिहावे आणि प्रत्यक्षात काय करावे?

उत्तर : केअर प्लॅनमध्ये आधी त्यांचे वाक्य जसेच्या तसे अवतरणचिन्हांत लिहा. ‘रुग्ण निराश आहे’ एवढ्या नोंदीवरून रात्रपाळीच्या सिस्टरला काहीच करता येत नाही. ते भिंतीकडे तोंड केव्हा वळवतात आणि त्या वेळी काय म्हणतात हे लिहिले, तर सुरुवात कोठून करायची ते तिला कळते. त्यानंतर हे ठरवा की ही अवस्था या घटनेमुळे आली आहे की आधीपासूनची आहे. परिचारिकांनी करायच्या निदानांची प्रमाणित यादी ठेवणाऱ्या ‘नांदा इंटरनॅशनल’ या संस्थेच्या यादीत परिस्थितीजन्य कमी आत्मसन्मान आणि दीर्घकालीन कमी आत्मसन्मान ही दोन स्वतंत्र निदाने आहेत. हा फरक केवळ कागदावरचा नाही. शस्त्रक्रियेपूर्वी हा माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेत होता का, कामाबद्दल अभिमानाने बोलत होता का, हे त्यांना आणि त्यांच्या पत्नीला विचारा. उत्तर ‘हो’ असेल, तर त्यांच्याकडे परत उभे राहण्याची जागा आहे आणि आपले काम तेथपर्यंतची वाट मोकळी करण्याचे आहे.

धीर देऊनही फरक का पडत नाही, याचे कारण मला असे वाटते की ‘सगळे ठीक होईल, काळजी करू नका’ हे वाक्य ऐकले की रुग्णाला पुढे बोलायला वावच राहत नाही. खुर्ची ओढून बसा आणि ‘यातले तुम्हाला सर्वांत जड काय जाते?’ एवढेच विचारून थांबा. उत्तर यायला वेळ लागेल, ती शांतता भरून काढण्याची घाई करू नका. कुणाला वासाची लाज वाटत असते, कुणाला चारचौघांत पिशवी फुटण्याची धास्ती असते, तर कुणाला पत्नीबरोबरच्या नात्याचे काय होणार याची चिंता कुरतडत असते. यांतील प्रत्येक गोष्टीचे उत्तर वेगळे आहे, त्यामुळे सरसकट धीर तेथे कामी येत नाही.

मग पिशवीकडे या. पहिल्या दिवशी त्यांनी काही करावे अशी अपेक्षा ठेवू नका. तुमचे हात चालू असताना जे दिसते ते शांतपणे सांगत राहा. निरोगी स्टोमा तोंडाच्या आतल्या बाजूसारखा लालसर आणि ओलसर असतो, त्याला स्पर्श केल्याने वेदना होत नाही, पुसताना थोडेसे रक्त दिसले तरी घाबरण्याचे कारण नसते, आणि आज तो जेवढा सुजलेला दिसतो तेवढा राहत नाही, साधारण सहा ते आठ आठवड्यांत आक्रसतो. (तो काळपट किंवा जांभळट दिसू लागला, तर मात्र लगेच सर्जनना कळवायचे.) ही शेवटची सुजेची गोष्ट आवर्जून सांगा, कारण आज दिसते तेच कायमचे रूप आहे असे अनेक रुग्ण मनात धरून बसतात. दुसऱ्या टप्प्यात त्यांनी फक्त पाहावे, तिसऱ्यात ओला गॉज हातात घेऊन कडेची त्वचा पुसावी, आणि मग पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की स्वतः रिकामी करावी. पिशवी त्वचेला चिकटवणारी आधाराची चकती कापणे आणि पिशवी पूर्ण बदलणे सर्वांत शेवटी येते. एक टप्पा नीट जमल्याशिवाय पुढचा घेऊ नका. तसेच जो टप्पा जमला आहे तो वॉर्डात गर्दी आहे म्हणून तुम्ही पुन्हा स्वतःच्या हाती घेऊ नका. कालपर्यंत स्वतः केलेले काम आज सिस्टरने भराभर उरकून टाकले, तर रुग्ण त्याचा अर्थ ‘मला ते येत नाही’ असाच लावतो.

या सगळ्या वेळेत तुमचा चेहरा रुग्ण वाचत असतो, हे मी विद्यार्थिनींना पुन्हापुन्हा सांगते. पिशवी उघडताना नाक आक्रसले किंवा मान किंचित मागे गेली, तर नंतरच्या कोणत्याही समुपदेशनाने ते पुसले जात नाही. वासाचा त्रास होत असेल तर आधीच खिडकी उघडा, साहित्य हाताशी ठेवा, पडदा ओढून घ्या आणि त्यांची परवानगी विचारूनच चादर बाजूला करा.

उद्दिष्ट मोजता येईल असे लिहा : ‘दोन दिवसांत पिशवी बदलताना स्टोमाकडे पाहतील, घरी जाण्यापूर्वी पिशवी आधाराशिवाय रिकामी करतील, स्वतःला जमणारी दोन कामे न विचारता सांगतील.’ पत्नीला कधी आणि किती सहभागी करून घ्यायचे, हे मात्र त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : माझ्या वडिलांना पक्षाघात झाला असून उजवा हात व पाय कमजोर आहेत, बोलणेही अडखळते. आम्ही भावंडे त्यांना भरवतो, कपडे घालतो, काहीही कमी पडू देत नाही. तरीही ते दिवसेंदिवस गप्प होत चालले आहेत आणि ‘मी तुमच्यावर ओझे झालो’ असे म्हणतात. आमचे काय चुकते?

उत्तर : तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण तुमच्या पत्रातील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता तुम्ही आहात. बाबांच्या वाट्याला दिवसभरात करण्यासारखे काहीच उरलेले नाही. जी कामे त्यांना अर्धीमुर्धी जमतात ती त्यांना परत द्या आणि त्यांना लागणारा वेळ द्या. सदरा घालताना कमजोर हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना चांगला हात आधी सोडवायचा, एवढे लक्षात ठेवले तर समोरून उघडणारा सैल सदरा त्यांना बराचसा स्वतः घालता येईल. सुरुवातीला तुम्हाला दोन मिनिटे लागत असतील तेथे त्यांना पंधरा लागतील. त्या पंधरा मिनिटांत हात मागे ठेवून थांबणे हीच त्या वेळची शुश्रूषा आहे. कष्टाची कामे सकाळी, विश्रांती झालेली असताना करू द्या, कारण पक्षाघातानंतर थकवा फार लवकर येतो. त्यांना उठवताना कमजोर हात धरून ओढू नका, त्याने खांद्याला इजा होते. स्वतःच्या हाताने जेवू देण्यापूर्वी गिळण्याची तपासणी झाली आहे ना, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

बोलण्याबाबत घरातील सर्वांनी शिस्त पाळावी. टीव्ही बंद करून एका वेळी एकानेच बोलावे, त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये, शब्द सापडत नसेल तर ‘हो-नाही’मध्ये उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा. भेटायला आलेल्याने ‘बाबा कसे आहेत?’ असे तुम्हाला विचारले, तर तो प्रश्न बाबांकडेच वळवा. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की घरातील जे निर्णय पूर्वी ते घेत असत, मग ते हिशेबाचे असोत वा दुरुस्तीचे, ते आजही त्यांना विचारून घ्या आणि त्यांचे म्हणणे खरोखर माना. मत विचारून दुर्लक्ष करण्यापेक्षा न विचारलेले बरे. एवढे करूनही गप्पपणा हटला नाही, तर शेवटचा प्रश्न जरूर वाचा, कारण पक्षाघात झालेल्या साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : रुग्णाची स्तुती केल्याने त्याचा आत्मसन्मान वाढतो का?

उत्तर : थोडासा, आणि तोही स्तुती खरी असेल तर. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाची मांडणी केली, तिच्यात स्वतः काही करून दाखवल्याचा अनुभव हा त्या विश्वासाचा सर्वांत बळकट आधार मानला आहे, आणि दुसऱ्याने शब्दांनी पटवून देणे त्यापेक्षा दुबळे. म्हणून ‘छान, शाब्बास’ म्हणण्याऐवजी ‘काल खुर्चीपर्यंत जाताना दोघींचा आधार लागला होता, आज एकीचाच लागला’ असे घडलेले सांगा. शेजारच्या पलंगावरील रुग्णाशी तुलना मात्र चांगल्या हेतूनेही करू नका.

प्रश्न : नर्सिंगच्या प्रकल्पासाठी आत्मसन्मान मोजायचा आहे. रोझेनबर्ग यांची मापनश्रेणी वापरावी का?

उत्तर : मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची श्रेणी व्यक्तीचा एकंदर, स्थिर स्वरूपाचा आत्मसन्मान पाहते. तुम्हाला शस्त्रक्रियेनंतरच्या काही दिवसांतील चढउतार टिपायचे असतील, तर हेदरटन आणि पोलिव्ही यांची १९९१ ची वीस विधानांची श्रेणी अधिक योग्य आहे, कारण ती ‘या क्षणी काय वाटते’ हे विचारते आणि कामगिरी, सामाजिक वावर व दिसणे असे तीन भाग वेगळे दाखवते. मूळ श्रेणीचे स्वतः भाषांतर करून वापरू नका. तपासून प्रमाणित केलेले भाषांतर शोधा.

प्रश्न : हा तात्पुरता खचलेपणा आहे की काही गंभीर आहे, हे घरच्यांनी वा परिचारिकेने कसे ओळखावे?

उत्तर : वयस्कर रुग्ण काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी सुस्त आणि अबोल झाला, लक्ष एका जागी टिकेना, मध्येच बरा आणि मध्येच गोंधळलेला वाटू लागला, तर तो खचला आहे असे समजून गप्पा मारत बसू नका. तो शांत स्वरूपाचा डिलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने मेंदूत अचानक उद्भवलेला गोंधळ, असू शकतो. त्यामागे जंतुसंसर्ग, औषधांचा परिणाम किंवा शरीरातील पाणी कमी होणे अशी कारणे असतात आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे लागते. माझ्या मते वॉर्डात ही गल्लत होता होता राहते असे नव्हे, ती बऱ्याचदा होतेच.

तात्पुरत्या खचलेपणात माणूस एका विशिष्ट गोष्टीबद्दल स्वतःला कमी लेखतो, पण नातवंड आले की त्याचा चेहरा खुलतो, आवडीच्या विषयावर तो बोलतो. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकले आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर नैराश्याची तपासणी करून घ्यायला हवी. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे वाक्य कानावर आले, तर ते ऐकले न ऐकलेसे करू नका. ‘जीव देण्याचा विचार मनात येतो का?’ असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले, तर त्यांना एकटे सोडू नका, औषधांचा साठा व धारदार वस्तू नजरेआड करा, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवा.