आखाती देशातली नोकरी आणि गावाकडचे आईबाबा : एक समुपदेशन अनुभव

‘मुलगा परदेशात गेला, तर म्हातारपणी आमच्याकडे कोण पाहील?’ यवतमाळ जिल्ह्यात समुपदेशन करणाऱ्याला हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. बहुतेक वेळा तो अभियंत्यांच्या घरातून येतो. या वेळी तो एका वैमानिकाच्या घरातून आला. कुटुंबाच्या संमतीने, नाव व ओळखीचे तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

निखिल दारव्हा तालुक्यातला, वय २८. घरी आठ एकर कापूस आणि तूर. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर प्रशिक्षण घेऊन, व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तासांचे उड्डाण पूर्ण करून तो एका भारतीय कंपनीत सहवैमानिक झाला. आता तो बंगळुरूहून एअरबस ए-३२० उडवतो. प्रशिक्षणासाठी गहाण ठेवलेली जमीन अजून सुटलेली नाही. अशातच त्याला दोहाच्या एका कंपनीकडून लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवर सहवैमानिकाची नोकरी देऊ करण्यात आली. तिथे पगारावर आयकर नाही. तरीही आईबाबांना सोडून जाणे म्हणजे कृतघ्नपणा ठरेल, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

मी त्याला मागच्या वर्षाचे ड्युटीचे वेळापत्रक मोबाइलवर उघडायला सांगितले आणि गावच्या घरात किती रात्री काढल्या ते मोजायला लावले. आकडा १९ निघाला. ‘घर की परदेश’ अशी जी निवड तो इतके दिवस करू पाहत होता, ती मुळात त्याच्यासमोर नव्हतीच. त्याच्यासमोर होते बंगळुरू आणि दोहा. नागपूरहून दोहाला थेट विमान आहे. नागपूर ते दारव्हा हा रस्त्याचा प्रवास तर दोन्हीकडून येताना सारखाच. घड्याळाने पाहिले, तर फरक दोन-तीन तासांचा.

अर्थात, घड्याळ सगळे सांगत नाही. कर्मचाऱ्यांना मिळणारे सवलतीचे तिकीट जागा रिकामी असेल तरच उपयोगी पडते, त्यामुळे दिवाळीत किंवा अडीअडचणीत त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय लांब पल्ल्याचा वैमानिक घरून फोन येईल तेव्हा दोहात असेलच असे नाही. तो साओ पाउलोच्या हॉटेलातही असू शकतो.

पुढच्या भेटीला आईबाबा आले. मुलाला अडवणारे बाबाच असतील, असे मी गृहीत धरले नव्हते ते बरे झाले, कारण बाबांना तो जावा असेच वाटत होते. जमीन लवकर सुटेल हा त्यांचा हिशेब होता. आई बराच वेळ गप्प होत्या. मग बाबांविषयी म्हणाल्या, “थो बंगलोरले हाय, तरी रात्री यायची शुगर वाढली तं गाडी कोन काढते? शेजारचा पोट्टाच काढते ना!” या एका वाक्याने चर्चेची दिशा बदलली. रात्री यवतमाळच्या दवाखान्यात नेण्याची सोय हा प्रश्न निखिल कुठेही राहिला तरी तसाच उरणार होता, म्हणून तो आम्ही नोकरीपासून वेगळा काढला. शेजारच्या मुलाशी रीतसर बोलणे, आईच्या खात्यात औषधपाण्यासाठी वेगळी रक्कम ठेवणे आणि वर्ध्याच्या बहिणीला कागदपत्रांची माहिती देणे, एवढे त्याच आठवड्यात झाले.

उरली नोकरी. वैमानिकाच्या व्यवसायात कंपनी बदलली की कॅप्टनपदाचा क्रम ठरवणाऱ्या ज्येष्ठता यादीत पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते, ही गोष्ट घरच्यांना माहीत नसते आणि पगाराच्या आकड्यापुढे मुलेही ती विसरतात. निखिलचे १५०० तास पूर्ण झालेले आहेत, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची तासांची अट तो पार करतो. २०२३ मध्ये भारतातल्या दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून साडेनऊशेहून अधिक विमानांची मागणी नोंदवली. कॅप्टनची गरज इथे वाढणार आहे. मात्र थांबण्यालाही किंमत आहे: सहवैमानिकाला नोकरी सोडताना सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते, कॅप्टनला वर्षभराची. सुरक्षिततेचे म्हणाल, तर २०१९ मध्ये जेट एअरवेज इथेच बंद पडली आणि २०२० मध्ये आखाती कंपन्यांनीही वैमानिक कमी केले; फरक इतकाच, की आखातात नोकरी गेली की राहण्याची परवानगीही संपत येते.

बाबांनी जाता जाता विचारलेला प्रश्न मला सर्वांत व्यवहारी वाटला: दोहाच्या पैशातून शेजारचे तीन एकर घेता येतील का? अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते, पण स्वतःच्या नावे विकत घेता येत नाही. हे ऐकून ते थोडे हिरमुसले; मुलाने पैसे दिले तर तुम्ही स्वतःच्या नावे घेऊ शकता, हे सांगितल्यावर सावरले.

निखिलने तूर्त नकार कळवला आहे. आधी कॅप्टन व्हायचे आणि मग पुन्हा अर्ज करायचा, असे त्याने ठरवले. बाबांना हे पूर्ण पटलेले नाही. दोहाच्या पगारात कर्ज लवकर फिटले असते हे त्यांचे गणित बरोबरच आहे, आणि ते मी निखिललाही स्पष्ट सांगितले. म्हणून त्याने बंगळुरूत घर घेण्याचा विचार पुढे ढकलला आहे आणि त्यासाठी साठवलेली रक्कम गहाणखताकडे वळवली आहे.