पाहुण्यांनी ऐनवेळी बुकिंग रद्द केलं, तर अ‍ॅडव्हान्स ठेवून घ्यावा का?

तुम्ही वेरूळजवळ दोन खोल्या पर्यटकांना देता आणि पाहुणे आदल्या दिवशी "येणं जमत नाही" म्हणून अ‍ॅडव्हान्स परत मागतात, तो द्यावा की नाही, असं विचारलंय. मीही खुलताबाद रस्त्याला तीन खोल्या चालवतो. मे महिन्यात पाहुण्यांसाठी पाण्याचा टँकर विकत घेऊन ठेवावा आणि त्यांनी यायचंच नाही, हे मी सोसलंय. त्यामुळे पैसे कापायला माझी ना नाही. पण कापायचे तर ते पैसे घेण्याआधी सांगितलेलं पाहिजे.

पावतीच्या तळाशी 'नो रिफंड' छापलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. मी व्हॉट्सअ‍ॅपवर आधी एवढंच पाठवतो: "पाच दिवस आधी कळवलं तर सगळे पैसे परत. त्यानंतर एका रात्रीचं भाडं कापू. आमच्याकडून रद्द झालं तर सगळे पैसे परत आणि जवळपास दुसरी खोलीही बघून देऊ." समोरून होकार आला की मगच क्यूआर कोड.

यातलं शेवटचं वाक्य बरेच जण गाळतात. लग्नाची तारीख निघाली, वऱ्हाड जास्त भाडं देतंय म्हटलं, की आधीच्या पाहुण्याला "नळाचं काम निघालं" सांगून मोकळे होणारे आपल्यातच आहेत. हे मला अजिबात पटत नाही. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियमही ऑनलाइन कंपन्यांना हेच सांगतात: स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसाच भुर्दंड सोसणार नसाल, तर ग्राहकाकडूनही रद्द करण्याचे पैसे घेऊ नका. आपण कंपनी नसलो तरी न्याय तोच.

दुसरं, खोली पुन्हा भरली तर काय? एका श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला, नांदेडच्या ताईंचा फोन आला. सासरे वारले होते. पैशाचा विषयही त्यांनी काढला नाही. घृष्णेश्वराला तुफान गर्दी, त्यामुळे रात्री नऊला तीच खोली परभणीच्या एका कुटुंबाने पूर्ण भाड्यात घेतली. सकाळी चादरी काढताना लक्षात आलं, एका रात्रीचे दोनदा पैसे माझ्या खात्यात आलेत. नियमाने ते माझेच होते, पण माझं नुकसान काय झालं होतं? पंधराशे रुपये तिथल्या तिथे परत पाठवले. करार कायद्याचं ७४ वं कलमही करारात लिहिलेल्या रकमेला कमाल मर्यादाच मानतं, त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई. तेव्हापासून माझ्या मेसेजमध्ये "खोली दुसऱ्याला गेली तर कापलेले पैसे परत" हेही असतं.

एअरबीएनबीवर असाल तर तुम्ही निवडलेली पॉलिसी लागू होते. 'फ्लेक्सिबल'मध्ये २४ तास आधीपर्यंत आणि 'मॉडरेट'मध्ये पाच दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात. तरी पाहुण्याला मराठीत एकदा सांगाच.

आणि बुकिंग घेताना वार बघत जा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. पाहुण्याला हे आदल्या रात्री कळतं आणि तो रद्द करतो. मंगळवारचं बुकिंग आलं, की मी ॲडव्हान्स घ्यायच्या आधीच फोन करून विचारतो, "लेणी बघायचीत ना? मग बुधवारी या."