वाचक विचारतात : केनेडींवर गोळ्या झाडणारा एकटाच होता का?

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी साडेबारा वाजता डॅलस शहरात, उघड्या मोटारीतून जात असताना हत्या झाली. ली हार्वे ऑस्वाल्ड या २४ वर्षांच्या माजी मरीन सैनिकाने हे एकट्याने केले, असे या हत्येच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या वॉरन आयोगाने १९६४ मध्ये म्हटले. ते आजही अनेकांना पटत नाही. मार्च २०२५ मध्ये या प्रकरणाचे हजारो कागद खुले झाल्यापासून वाचकांची पत्रे येत आहेत. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : हाताने बोल्ट ओढावी लागणारी जुनी इटालियन रायफल, आणि ५.६ सेकंदांत तीन गोळ्या. हे माणसाला शक्य आहे का?

आधी ५.६ हा आकडा कुठून आला ते पाहू. मिरवणुकीचे चित्रण करणाऱ्या झाप्रुडर यांच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्याचा वेग एफबीआयने तपासला. तो सेकंदाला १८.३ फ्रेम भरला. डोक्याला गोळी लागते ती फ्रेम ३१३. आयोगाच्या मते केनेडींना पहिली जखम लवकरात लवकर २१० व्या फ्रेमला झाली असावी. ३१३ वजा २१० म्हणजे १०३ फ्रेम, भागिले १८.३, बरोबर ५.६ सेकंद.

या हिशेबात दोन गफलती होतात. पहिली मोजणीची. पहिली गोळी सुटते तेव्हा घड्याळ शून्यावर असते, त्यामुळे तीन गोळ्यांच्या मध्ये अंतरे दोनच येतात. बोल्टचा दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा (रिकामी पुंगळी बाहेर पडते), पुढे ढकलायचा, खाली पाडायचा आणि पुन्हा नेम धरायचा. एफबीआयच्या चाचणीत याला कमीत कमी २.३ सेकंद लागले. दोन अंतरांचे झाले ४.६ सेकंद.

दुसरी गफलत जास्त महत्त्वाची आहे. ५.६ सेकंद हा दोन *लागलेल्या* गोळ्यांमधला काळ आहे. तीनपैकी एक गोळी हुकली, आणि हुकलेली पहिलीच असेल तर घड्याळ बरेच आधी सुरू होते. ऑस्वाल्ड कामाला होता त्या पुस्तक-गोदामाच्या, गोळ्या सुटल्या त्या खिडकीतून पाहता १६६ ते २१० या फ्रेममध्ये मोटार एका ओक वृक्षाच्या फांद्यांआड जाते. पहिली गोळी झाडाच्या आधी, म्हणजे १६० च्या आसपास सुटली असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, आणि हत्येचा पुन्हा तपास करणाऱ्या १९७९ च्या संसदीय समितीचेही तेच मत होते. तसे धरले तर ३१३ पर्यंत ८.४ सेकंद मिळतात.

अंतरही फार नव्हते. शेवटच्या गोळीच्या वेळी मोटार खिडकीपासून सुमारे ८१ मीटरवर होती, वेग ताशी १८ किलोमीटरच्या आसपास, आणि ती नेमाच्या रेषेतच दूर जात होती, त्यामुळे नळी आडवी फारशी फिरवावी लागत नव्हती. रायफलीवर चौपट मोठे दाखवणारी दुर्बीण होती. ऑस्वाल्डला १९५६ मध्ये मरीनच्या चाचणीत २१२ गुण होते, म्हणजे 'शार्पशूटर' दर्जा. १९५९ मध्ये १९१ वर आला, पात्रतेला १९० लागत. तो पट्टीचा नेमबाज नव्हता, पण या अंतराला तशा नेमबाजाची गरजही नव्हती.

एक उणीव मात्र मान्य करायला हवी. हुकलेली गोळी कधीच सापडली नाही.

प्रश्न : एकच गोळी दोन माणसांना सात जखमा करून जवळपास कोरी कशी राहते?

हिलाच लोक 'जादूची गोळी' म्हणतात. पुराव्यातला तिचा क्रमांक ३९९. आयोगाच्या मते ती केनेडींच्या पाठीत वरच्या बाजूला शिरली, गळ्यातून बाहेर पडली, पुढे बसलेले टेक्ससचे गव्हर्नर कॉनली यांच्या पाठीतून छातीबाहेर आली, त्यांचे उजवे मनगट मोडून डाव्या मांडीत रुतली.

हा मार्ग वाकडातिकडा दाखवणाऱ्या आकृत्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांत दोघे एकामागे एक, समान उंचीवर बसलेले दाखवतात. खरी मोटार तशी नव्हती. कॉनली घडीच्या आसनावर होते. ते आसन मागच्या आसनापेक्षा काही इंच खाली आणि दारापासून काही इंच आत होते, शिवाय त्या क्षणी कॉनली उजवीकडे वळलेले होते. ही बैठक धरून रेषा मागे काढली तर ती सरळ येते आणि पुस्तक-गोदामाच्या सहाव्या मजल्याकडे जाते. (अमेरिकन मोजणीत तळमजला हाच पहिला, म्हणजे आपल्या हिशेबाने पाचवा मजला.) चित्रफितीत दोघे एका रस्त्याच्या पाटीमागून बाहेर येतात, तेव्हा २२४ व्या फ्रेमला कॉनलींच्या कोटाची उजवी बाजू फडकते आणि २२५ ला केनेडींचे हात वर जाताना दिसतात. दोन वेगळ्या बंदुकांनी एक-अष्टादशांश सेकंदाच्या फरकाने दोघांना टिपले असे मानायचे, तर केनेडींच्या गळ्यातून बाहेर पडलेली गोळी मोटारीत कुठे गेली हे सांगावे लागते. मोटारीत तसे भोक नाही.

आता 'कोरी' या शब्दाबद्दल. गोळीचे नेहमी छापतात ते चित्र बाजूने घेतलेले असते. तीच गोळी बुडाकडून पाहा, ती चपटी झालेली आहे आणि बुडातून शिसे बाहेर दाबले गेले आहे. वजन १५८.६ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.२८ ग्रॅम, नवी गोळी १६० ते १६१ ग्रेनची असते. ही संपूर्ण तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असलेली लष्करी गोळी, शरीरात न फुटता आरपार जावी म्हणूनच बनवलेली. ती आधी मऊ मांसातून गेली, मग कॉनलींच्या बरगडीला घासली, आणि वेग बराच कमी झाल्यावर, गिरक्या घेत, मनगटाच्या हाडावर आदळली. तीच गोळी पूर्ण वेगाने थेट हाडावर झाडली की तिचे नाक चेपते. चाचण्यांतले चेपलेले नमुने दाखवताना हा फरक सहसा सांगितला जात नाही.

या गोळीच्या बाजूने दिला जाणारा एक पुरावा मात्र आता वापरू नये. १९७८ मध्ये शिशातल्या धातूंच्या प्रमाणावरून तुकडे जुळवले गेले होते. पुढे ही पद्धतच अविश्वसनीय ठरली आणि एफबीआयने २००५ मध्ये ती बंद केली. एकट्या मारेकऱ्याच्या बाजूचे लेखक अजूनही ती पुढे करतात, ते चूक आहे.

प्रश्न : डोके मागे आणि डावीकडे फेकले जाते. मग गोळी समोरून आली नाही का?

चित्रफीत वेगाने पाहिली तर तसेच वाटते. ३१२ आणि ३१३ या दोन फ्रेम शेजारी ठेवा. आघाताच्या क्षणी डोके सुमारे दोन इंच *पुढे* जाते. मागे जाणे त्यानंतर सुरू होते. गोळीचे वस्तुमान इतके कमी की ती माणसाला चित्रपटातल्यासारखी फेकू शकत नाही. मागे जाण्याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात, मेंदूला इजा होताच पाठीचे स्नायू आखडणे, आणि समोरच्या बाजूने बाहेर उडालेल्या द्रव्याचा उलटा रेटा. दुसरे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांनी टेपने गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडून दाखवले होते. खरबुजे बंदुकीच्या दिशेने मागे आली. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर एकमत नाही. पण कवटीतले भोक आतल्या बाजूने रुंद झालेले आहे, आणि ते मागच्या बाजूला आहे. दिशा ठरवायला डोक्याच्या हालचालीपेक्षा हा पुरावा भरवशाचा.

प्रश्न : अमेरिकी संसदेच्याच समितीने कट मान्य केला, हे खरे ना?

खरे आहे. प्रतिनिधिगृहाच्या समितीने १९७९ मध्ये 'बहुधा कटाचा परिणाम' असे म्हटले. मात्र तीन गोळ्या ऑस्वाल्डनेच झाडल्या आणि त्यांतल्या दोन लागल्या, हेही तिनेच नोंदवले. चौथी गोळी समोरच्या गवताळ टेकाडावरून सुटली आणि हुकली, असे तिचे म्हणणे होते.

चौथ्या गोळीचा आधार एकच होता, ध्वनिमुद्रण. एका पोलिस मोटारसायकलचा माइक पाच मिनिटांहून अधिक काळ उघडा अडकला आणि आलेला आवाज पोलिसांच्या मुद्रणपट्टीवर उमटला. त्या पट्टीवर गोळीचा आवाज म्हणून कानाला काहीच ऐकू येत नाही. आलेखातले ठोके घटनास्थळी केलेल्या गोळीबाराच्या प्रतिध्वनींशी जुळवले गेले. तज्ज्ञांनी ९५ टक्के खात्री दिली ती चौकशीच्या अगदी शेवटच्या आठवड्यांत.

पुढे एका मासिकासोबत या मुद्रणाची प्लास्टिकची तबकडी वाटली गेली. ओहायोतल्या एका ढोलवादकाने ती पुन्हा पुन्हा लावून ऐकली, तेव्हा त्याच ठोक्यांच्या जागी पुसटसा आवाज कानी आला. सगळे सुरक्षित धरून ठेवा, अशा अर्थाचे शेरीफ डेकर यांचे शब्द होते ते, पोलिस रेडिओच्या दुसऱ्या वाहिनीवरून झिरपलेले. ते शब्द गोळीबारानंतर सुमारे एक मिनिटाने उच्चारले गेले होते. म्हणजे ते ठोके गोळ्यांचे असूच शकत नाहीत. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मंडळाने १९८२ मध्ये हाच निष्कर्ष दिला. २००१ मध्ये त्याला आव्हान मिळाले, २००५ मध्ये उत्तरही आले. समितीचा दाखला द्यायचा तर १९८२ सुद्धा सांगायला हवे.

प्रश्न : ऑस्वाल्ड 'बळीचा बकरा' असेल तर?

तर एवढे सगळे बनावट ठरवावे लागेल : टपालाने मागवलेली सी २७६६ क्रमांकाची रायफल, 'हिडेल' या खोट्या नावाची ऑर्डर त्याच्या हस्ताक्षरात, टपालपेटी त्याची, त्या नावाचे ओळखपत्र त्याच्या पाकिटात, नळीवर त्याच्या तळव्याचा ठसा, खिडकीशी तीन पुंगळ्या. बरोबर खालच्या मजल्यावरच्या कामगाराने वरच्या मजल्यावर पुंगळ्या पडल्याचा आवाज ऐकल्याची साक्ष दिली. पाऊण तासाने टिपिट या पोलिसाचा खून झाला. तिथल्या पुंगळ्या अटकेच्या वेळी ऑस्वाल्डच्या हातात असलेल्या रिव्हॉल्व्हरशी जुळल्या.

गोदामातली नोकरी त्याला १६ ऑक्टोबरला लागली. मिरवणुकीचा मार्ग वृत्तपत्रांत आला १९ नोव्हेंबरला. त्याला मुद्दाम तिथे पेरला म्हणणाऱ्याने या पाच आठवड्यांचा उलगडा करावा.

अटकेत असलेल्या ऑस्वाल्डला दोनच दिवसांनी गोळी घालून मारणाऱ्या जॅक रूबीबद्दलही वेळ तपासा. ऑस्वाल्डला २४ तारखेला सकाळी दहानंतर हलवायचे ठरले होते, चौकशी लांबली. रूबी जवळच्या तार कार्यालयात २५ डॉलर पाठवत होता, पावतीवर शिक्का ११ वाजून १७ मिनिटांचा. गोळी झाडली ११.२१ ला. सुपारी घेतलेला माणूस तासभर उशिरा रांगेत उभा राहील, हे पटत नाही.

प्रश्न : छत्रीवाला माणूस कोण होता?

स्वच्छ उन्हात छत्री उघडून उभा असलेला तो माणूस १९७८ मध्ये समितीपुढे आला. हिटलरशी तडजोड करणारे ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांची छत्री आणि केनेडींच्या वडिलांचे हिटलरविषयीचे मवाळ धोरण यांचा तो निषेध होता. हा मुद्दा संपला.

प्रश्न : काहीच लपवायचे नव्हते, तर इतकी लपवाछपवी का?

लपवायचे होते, आणि लपवलेही. ऑस्वाल्डने हत्येआधी एफबीआयच्या डॅलस कार्यालयात दिलेली चिठ्ठी त्याच्या मृत्यूनंतर तिथल्या अधिकाऱ्याने नष्ट केली. कॅस्ट्रोला मारण्यासाठी सीआयएने माफियांशी केलेले संधान आयोगाला कळवले गेले नाही, आणि सीआयएचे माजी प्रमुख ॲलन डलेस तर आयोगाचे सदस्य होते! ऑस्वाल्डशी न्यू ऑर्लिन्समध्ये खटका उडालेल्या क्यूबन विद्यार्थी संघटनेला पोसणारे सीआयए अधिकारी जोअनिडीस हेच १९७८ मध्ये समितीशी संपर्काला नेमले गेले, ते नाते न सांगता. हे अक्षम्य आहे.

शवविच्छेदनाचा घोळ वेगळा. त्या काळी अध्यक्षांचा खून हा केंद्रीय गुन्हाच नव्हता, कायदा १९६५ मध्ये झाला. तरीही मृतदेह टेक्ससच्या डॉक्टरांकडून जवळपास हिसकावून नेला गेला. डॅलसच्या डॉक्टरांनी श्वासनलिकेसाठी गळ्यातल्या जखमेतूनच छेद घेतला होता, आणि शवविच्छेदन करणाऱ्या बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयातल्या डॉक्टरांना ते दुसऱ्या दिवशी फोनवर कळले. पाठीतल्या जखमेचा माग त्यांनी कापून पाहिलाच नाही. आज चालणारा निम्मा वाद त्या एका रात्रीच्या ढिसाळपणातून आला आहे.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. गोळ्या कोणी झाडल्या, याचे उत्तर भौतिक पुराव्यात आहे आणि ते ऑस्वाल्डकडेच जाते. त्याच्याविषयी कोणाला काय ठाऊक होते, हा प्रश्न कागदांचा आहे आणि तो पूर्ण मिटलेला नाही.

प्रश्न : आपल्याकडे गांधीहत्येतही 'चौथी गोळी' सांगतात. दोन्ही प्रकरणे सारखीच का?

नाहीत. गांधीहत्येत कट होता आणि तो न्यायालयात सिद्ध झाला. तो कसा सिद्ध झाला ते पाहण्यासारखे आहे : २० जानेवारी १९४८ चा बाँब आणि जागीच पकडलेला मदनलाल पाहवा, दिल्लीच्या मरीना हॉटेलातला खोट्या नावांचा मुक्काम, तिथे राहिलेल्या कपड्यांवर 'एन. व्ही. जी.' ही धोब्याची खूण, आणि माफीचा साक्षीदार झालेला पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे. खरा कट अशा खुणा सोडतो. केनेडी प्रकरणात साठ वर्षांत एकही बडगे उभा राहिलेला नाही. चौथ्या गोळीसाठी पुन्हा तपासाची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये फेटाळली.

प्रश्न : नवे कागद वाचायचे तर सुरुवात कुठून करू?

प्रत्येक कागदाला तेरा आकडी क्रमांक आहे. १०४ ने सुरू होणारे सीआयएचे, १२४ चे एफबीआयचे, १८० चे संसदीय समितीचे. बातमीत 'खळबळजनक' म्हटलेला कागद दिसला की त्याच क्रमांकाची जुनी, काळे पट्टे मारलेली प्रत शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. बहुतेक वेळा मजकूर आधीच खुला होता आणि पट्ट्याखाली खबऱ्याचे नाव, देश किंवा खर्चाची रक्कम निघते, असे आढळेल. 'एएम' ने सुरू होणारी सांकेतिक नावे क्यूबाशी संबंधित आहेत. जोअनिडीस यांच्या विद्यार्थी संघटनेचे नाव 'एएमस्पेल'. कागद कोणी लिहिला आणि त्याला ते प्रत्यक्ष माहीत होते की कोणाकडून ऐकले होते, हे समासात टिपून ठेवा. यांतले कित्येक कागद म्हणजे निनावी फोन आणि ऐकीव गोष्टींची नोंद आहे. वेळ थोडा असेल तर मेक्सिको सिटीपासून सुरू करा. सप्टेंबरच्या अखेरीस ऑस्वाल्ड तिथल्या क्यूबन आणि सोव्हिएत कचेऱ्यांत गेला होता, आणि त्या दोन्हींवर सीआयएची पाळत होती.