वाचकांचे प्रश्न : एकाची भीती दुसऱ्याला लागते का?

प्रश्न : आमची आठ वर्षांची कुत्री फटाके वाजले की पलंगाखाली शिरते, थरथरते. आता घरात नऊ आठवड्यांचे पिल्लू आले आहे. तिचे पाहून तेही घाबरायला शिकेल का? दिवाळीला दोन महिने आहेत. (सांगली)

उत्तर : शिकू शकते, तेही लवकर. मात्र पिल्लू आधी काय पाहते, यावर बरेच अवलंबून असते.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी 1980च्या दशकात र्‍हीसस माकडांवर प्रयोग केले. जंगलात वाढलेली माकडे सापाला घाबरत, प्रयोगशाळेत वाढलेली घाबरत नसत. पेटीत साप आणि पेटीपलीकडे खाऊ ठेवला, तर प्रयोगशाळेतली माकडे सापावरून हात घालून खुशाल खाऊ उचलत. मग त्यांना जंगलातल्या माकडांची घाबरगुंडी दाखवली. आई-वडिलांना घाबरताना पाहिलेल्या 6 पिल्लांपैकी 5 पिल्ले सापाला घाबरू लागली, आणि तीन महिन्यांनीही ती भीती टिकून होती.

तुमच्या कामाचा प्रयोग 1986चा. काही माकडांना आधी सापाजवळ निवांत वागणारी माकडे दाखवली आणि नंतर घाबरणारी. 8 पैकी 6 माकडांवर नंतरच्या दृश्याचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे निवांतपणा आधी दिसला, तर ती एक प्रकारची लसच ठरते.

कुत्र्याच्या पिल्लाचा नवे सहज स्वीकारण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. तुमच्या हाताशी पाचच आठवडे उरलेत, तेव्हा दिवाळीची वाट पाहू नका, आजच सुरुवात करा.

फटाक्यांच्या आवाजाचे रेकॉर्डिंग घ्या. लावण्यापूर्वी मोठ्या कुत्रीला घरातल्या कुणाबरोबर तरी फिरायला पाठवा. दुसऱ्या खोलीत कोंडून भागत नाही, तिचे कण्हणेही पिल्लाला ऐकू जाते. आवाज इतका लहान ठेवा, की पिल्लू कान टवकारेल पण खाणे सोडणार नाही. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे, आणि प्रत्येक आवाजानंतर लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. सलग तीन वेळा पिल्लू निवांत राहिले, तरच आवाज एक घर वाढवा. ओळखीत फटाक्यांना न बिचकणारे, लसीकरण झालेले मोठे कुत्रे असेल, तर या वेळी त्याला शेजारी बसवा. याचा उपयोग फार होतो.

बहुतेकांचे काम बिघडते ते घाईमुळे. ओठांवरून जीभ फिरवणे, झोप नसताना जांभई, कान मागे पडणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे आणि शेवटी तोंडातला तुकडा टाकून देणे, ही सगळी भीतीची लक्षणे आहेत. तिथेच थांबा आणि पुढच्या वेळी आवाज दोन घरे खाली आणा. ‘होईल सवय’ म्हणून रेटलेत, तर सवय होत नाही, भीती पक्की होते. शिवाय स्पीकरमधून खऱ्या बाँबचा हादरा येत नाही. म्हणून दिवाळीत पहिले एक-दोन दिवस पिल्लाला आतल्या खोलीत ठेवून बाहेरच्या प्रत्येक आवाजाला खाऊ द्या.

कुत्रीचीही आबाळ नको. अंधार पडण्यापूर्वी तिला फिरवून आणा. खिडक्या बंद करा, पंखा आणि टीव्ही सुरू ठेवा. ती जवळ आली तर खुशाल कुरवाळा, लाड केल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. औषध लागेल असे वाटले, तर पशुवैद्यांना आताच भेटा, ऐनवेळी नको. माणसांच्या झोपेच्या गोळ्या कधीही देऊ नका. काही औषधांनी जनावर नुसते गुंगते, आतली भीती तशीच राहते. त्यामुळे ‘हे औषध भीती कमी करते की फक्त झोप आणते?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

प्रश्न : खाली पडलेले कावळ्याचे पिल्लू मी उचलून ठेवले, तेव्हापासून कावळे मला टोचतात. आता दुसरे कावळेही ओरडतात. ते एकमेकांना सांगतात का? (डोंबिवली)

उत्तर : सांगण्यापेक्षा पाहून शिकतात. सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांच्या चमूने 2006 साली विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे त्या मुखवट्यावर ओरडणाऱ्यांत कधीही न पकडलेले कावळेही होते, पकडलेल्यांची पिल्लेही होती. कावळे चेहरा ओळखतात, त्यामुळे नुसता शर्ट बदलून उपयोग नाही. पिल्ले उडेपर्यंत, साधारण महिनाभर, दुसरी वाट धरा किंवा छत्री उघडून जा. दगड मात्र मारू नका, कारण तो मारताना आसपासचे सगळे कावळे तुम्हाला पाहतात.