थायरॉईडच्या ऑपरेशननंतर तार सा लागत नाही

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरी मुलांना गाणं शिकवते. दीड महिन्यापूर्वी थायरॉईडची उजवी बाजू काढली. बोलताना काही त्रास नाही पण पंचमाच्या वर गेलं की आवाज फाटतो, तार सा तर लागतच नाही. दुर्बिणीने बघून सांगितलं दोन्ही स्वरतंतू हलतायत, सगळं नॉर्मल आहे. सासूबाई म्हणतात तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं खा. काय करू?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर: ताई, बोलणं ठीक आणि फक्त वरचे सूर गेले म्हटलं की पहिला संशय एका बारीक नसेवर येतो. स्वरतंतूंची उघडमीट करणारी नस वेगळी, ती तुमची चांगली दिसतेय. ही दुसरी थायरॉईडच्या वरच्या टोकाला रक्तवाहिनीच्या अगदी जवळून जाते आणि स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूला चालवते, तंबोऱ्याची खुंटी पिळली की तार चढते ना, तसं. ती दुखावली तर साध्या दुर्बिणीत बरेचदा काहीच दिसत नाही, म्हणून 'नॉर्मल' ऐकून गप्प बसू नका. स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची थरथर बघायची तपासणी, करून घ्या आणि तपासताना खालून वरपर्यंत सूर चढवून दाखवा, नुसतं 'ई' म्हणून उठू नका.

आरशासमोर घोट गिळून पण बघा, टाक्यांची जागा घोटाबरोबर वर ओढली जात असेल तर आतलं व्रण चिकटलंय, मग सर्जनला विचारून मसाज सुरू करता येतो.

नस नुसती ताणली गेली असेल तर काही आठवडे ते महिने लागतात, कधीकधी वर्षसुद्धा, पण तोवर नुसती वाट बघायची नाही, स्पीच थेरपिस्टकडे आत्ताच जा. घरी अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ थोडा बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा, दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. शिकवताना पट्टी दोन-तीन सुरांनी खाली घ्या, वरच्या जागा एखाद्या तयार मुलीकडून गाऊन घ्या, तार सा लागतो का म्हणून रोज जोर लावून बघणं तर आधी बंद करा. कुजबुजू नका, सारखं खाकरू नका, त्याऐवजी एक घोट पाणी प्या.

चिंचेची पानं श्रद्धेने खा, नाही म्हणत नाही, पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागत नाही, त्यामुळे थेरपी सोडून पानांवर राहू नका.

पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल तर मात्र लगेच दाखवा. आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, केली नसेल तर ह्याच आठवड्यात करा, थायरॉईड कमी पडलं तरी आवाज जड होतो.