गंगाजळी: नदी नव्हे, लोटी

प्रश्न असा आला आहे: 'बँकांच्या संदर्भात "रिझर्व्ह"ला राखीव निधी म्हणावं की गंगाजळी? दोन्ही एकच का? आणि "कॅश रिझर्व्ह रेशो"साठी "रोख राखीव प्रमाण" बरोबर की "रोख राखीव गुणोत्तर"?'

दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, आठवलं तर. (कॅश रिझर्व्ह रेशो म्हणजे बँकांना आपल्या देण्यांचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, त्याचं माप.) पहिला प्रश्न मात्र बरा विचारलात, कारण 'बँकांची ठेवींची गंगाजळी वाढली' हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. अहो, ठेव हे बँकेचं देणं. लोकांनी विश्वासानं दिलेलं आणि मागतील तेव्हा परत करायचं. देण्याची गंगाजळी कशी होईल? उधारीच्या वहीला कोणी तिजोरी म्हणतं का? परवा तर 'कर्जांची गंगाजळी' असंही वाचलं. तिथे मी वाचणंच थांबवलं.

'राखीव'वर वेळ घालवत नाही. राखून ठेवलेलं ते राखीव. जागा असो, जंगल असो की खेळाडू. मजा आहे ती गंगाजळीत.

या शब्दाचं सर्रास सांगितलं जाणारं स्पष्टीकरण असं: गंगा कधी आटत नाही, म्हणून कधी न आटणारा साठा ती गंगाजळी. मोठमोठी विद्वान माणसं हे सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. यांनी शब्दाकडे एकदा तरी नीट पाहिलं आहे का? गंगाजळ म्हणजे गंगेचं पाणी. गंगाजळी म्हणजे ते पाणी ठेवायची लोटी, तोंड पक्कं बंद केलेली. न आटणं हा नदीचा गुण असेल, लोटीचा गुण नेमका उलटा. आत असतं ते घोटभर, आणि एकदा उघडली की संपली. म्हणून तर ती उघडत नाहीत. ते पाणी तहानेसाठी नसतंच, शेवटच्या घटकेला तोंडात घालायचं असतं. 'अखेर गंगाजळीला हात घालावा लागला' असं आपण म्हणतो तेव्हा आवाज का खाली येतो? नदीला हात घालायला कोणी कचरत नाही.

दुसरं एक मत शपथेचं आहे. हिंदीत 'गंगाजली उठाना' म्हणजे शपथ घेणं. तेव्हा ज्या पैशाला हात न लावण्याची शपथ घातली तो पैसा ती गंगाजळी. नदीवाल्यांपेक्षा हे कितीतरी बरं. पण शपथ घेणारा लोटी उचलतो, उघडत नाही. गंगाजळीच्या अर्थात उघडण्याची शक्यता हवीच, नाहीतर ते नुसतं पुरलेलं धन. माझं म्हणणं असं की या शब्दाचा सगळा जीव त्या झाकणात आहे: एरवी बंद, पण वेळ आली तर उघडणारं. हे मत कोणाला पटत नसेल तर त्यांनी बँकांचा इतिहास चाळावा. तो सगळा या झाकणाचाच इतिहास आहे.

अ‍ॅमस्टरडॅमची विसेलबँक घ्या. स्थापना १६०९. नियमाप्रमाणे तिनं कर्ज द्यायचं नाही. व्यापाऱ्यांनी आणलेली नाणी आणि धातू घ्यायचे, तेवढी रक्कम वहीत त्यांच्या नावे मांडायची आणि माल नगरभवनात जपून ठेवायचा. १६७२ साली फ्रेंच फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या आणि लोक पैसे मागायला धावले. बँकेनं देणं चुकवलं नाही. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथनं १७७६च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात नोंदवलंय की त्या वेळी बाहेर काढलेल्या काही नाण्यांवर आगीत होरपळल्याच्या खुणा होत्या. जुनं नगरभवन जळालं ते १६५२मध्ये. म्हणजे वीस वर्षं त्या नाण्यांना कोणी हात लावला नव्हता! यापेक्षा अस्सल गंगाजळी मला कुठे आढळलेली नाही. पुढची गोष्ट मात्र वाईट आहे. हीच बँक डच ईस्ट इंडिया कंपनीला गुपचूप कर्जं देत होती. १७८०नंतरच्या इंग्रज-डच युद्धात ती कर्जं बेसुमार फुगली, १७९०च्या सुमारास बिंग फुटलं आणि १८१९मध्ये बँक बंद झाली. लोटी तीच, झाकणही तेच. पाणी कंपनी पिऊन गेली होती.

(जाता जाता: शाळेतला बाक आणि ही बँक सख्खी भावंडं आहेत. इटलीतले सराफ ज्या बाकावर नाणी मांडून बसत तो बांको. तो शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला तो बाक, इंग्रजांकडून आला ती बँक. यावर आत्ता सुरू झालो तर थांबणार नाही.)

झाकण कायद्यानं ठोकून बसवलं तर काय होतं, ते इंग्लंडनं दाखवलं. १८४४च्या कायद्यानुसार बँक ऑफ इंग्लंडला १ कोटी ४० लाख पौंडांपर्यंतच्या नोटा रोख्यांच्या आधारावर काढता येत. त्यापुढच्या प्रत्येक नोटेमागे तिजोरीत धातू हवा. कागदावर चोख. मग १८४७, १८५७ आणि १८६६ अशी तीनदा घबराट उसळली आणि तिन्ही वेळा सरकारला 'मर्यादा ओलांडा, आम्ही सांभाळून घेऊ' असं पत्र द्यावं लागलं. गंमत म्हणजे मर्यादा खरोखर ओलांडावी लागली ती फक्त १८५७मध्ये. बाकी दोन वेळा झाकण उघडू शकतं एवढं कळल्यावरच लोकांचा धीर परतला. इंग्रज अर्थपत्रकार वॉल्टर बॅजहट यांनी १८७३मध्ये हेच सूत्र मांडलं: घबराटीत मध्यवर्ती बँकेनं साठा कवटाळून बसू नये; चांगलं तारण घ्यावं, व्याज चढं लावावं, पण कर्ज सढळ हातानं द्यावं. इंग्रज बँकर हेन्री थॉर्नटन यांनी हा विचार १८०२मध्येच मांडला होता, पण नाव बॅजहट यांचं झालं.

अमेरिकेत तऱ्हा आणखी वेगळी. १८६४च्या कायद्यानं मोठ्या शहरांतल्या राष्ट्रीय बँकांना देण्याच्या २५ टक्के आणि गावांकडच्या बँकांना १५ टक्के राखीव ठेवणं भाग पाडलं. पण गावाकडच्या बँकेला त्यातला पाच भागांपैकी तीन भाग वाटा शहरातल्या बँकेत ठेवता येई. शहरातली बँक तोच पैसा पुढे कर्जाऊ देई. एकच पाणी दोन लोट्यांत मोजलं जात होतं! एरवी हे कोणाच्या लक्षात येत नसे. अडचण आली की सगळी गावं एकदम न्यूयॉर्ककडे हात पसरत. १९०७च्या घबराटीनंतर अक्कल आली, आणि १९१३च्या कायद्यानं सदस्य बँकांची राखीव शिल्लक एका व्यवस्थेखाली आणली. म्हणून तिचं नाव फेडरल रिझर्व्ह. आपली रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ची. तिच्या कायद्याच्या ४२व्या कलमानं सुरुवातीला अनुसूचित (तिच्या यादीतल्या) बँकांना मागणी देण्यांच्या (मागताच परत करायच्या पैशांच्या) ५ टक्के आणि मुदत देण्यांच्या (ठरल्या मुदतीनं परत करायच्या पैशांच्या) २ टक्के रक्कम तिच्याकडे ठेवायला लावली. तेव्हा रिझर्व्ह बँक म्हणजे बँकांची राखीव शिल्लक सांभाळणारी बँक. कोणी भाषांतराच्या हौसेनं 'राखीव बँक' म्हणतात. ऐकून वाटतं, कोणीतरी रुमाल टाकून जागा धरली आहे.

तर मग राखीव आणि गंगाजळी एकच का? नाही. इथे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांची गोष्ट सांगायलाच हवी. रात्री उशिरा दमलेला प्रवासी स्टेशनाबाहेर येतो. एकच टॅक्सी उभी असते. प्रवासी खूश. टॅक्सीवाला म्हणतो, 'येता येणार नाही. स्टेशनावर कायम एक टॅक्सी उभी असलीच पाहिजे असा नियम आहे.' ही टॅक्सी राखीव आहे, पण गंगाजळी नाही. कायद्यानं ठेवायला लावलेलं आणि कधीच न वापरता येणारं ते राखीव. निकडीला उघडता येतं ते गंगाजळी. मार्च २०२०मध्ये अमेरिकेनं राखीव रकमेचं प्रमाण शून्यावर आणलं, तेव्हा 'गंगाजळी संपली' म्हणून हाकाटी करणारे होतेच. प्रत्यक्षात बँकांची फेडरल रिझर्व्हकडची शिल्लक त्याच काळात वाढत होती. राखीव शून्य, गंगाजळी भरलेली. माझ्या व्युत्पत्तीला यापेक्षा मोठी साक्ष कोणती हवी?

भांडवलाला तरी यात ओढू नका. बँकांकडे किमान किती भांडवल हवं हे ठरवणाऱ्या १९८८च्या बाझल करारातले ८ टक्के हे बँकेनं 'बाजूला काढून ठेवायचे' असतात असं छातीठोकपणे सांगणारे मला भेटतात. जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या तुलनेत मालकांचा स्वतःचा पैसा किती लागलाय, याचं ते माप आहे. तो पैसा कर्जांतही गुंतलेला असू शकतो. तो ना राखीव, ना गंगाजळी.

हां, तुमचा दुसरा प्रश्न. गणिताच्या पुस्तकात 'रेशो'ला गुणोत्तर म्हणतात, पण बँकव्यवहारात प्रमाण रुळलंय आणि ते कोणाला अडत नाही. 'रोख राखीव प्रमाण' म्हणा. 'रोख राखीवता प्रमाण' हेही छापून येतं. 'राखीव'ला हे 'ता'चं शेपूट कोणी आणि कशासाठी जोडलं, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.