‘अतितीव्र’ असूनही वादळ का नाही?

प्रश्न असा आहे: बातम्यांत ‘अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र’ म्हणतात, आणि पुढे ‘त्याचे चक्रीवादळात रूपांतर होण्याची शक्यता’ असंही म्हणतात. जे आधीच अतितीव्र आहे, ते अजून वादळ कसं नाही?

आधी ‘वादळ’ हा शब्द पाहू. आपलं ‘वादळ’ आणि हिंदीतला ‘बादल’ एकाच मुळातले, जसे वाघ-बाघ किंवा वीस-बीस. संस्कृत कोशांत ‘वार्दल’ म्हणजे पावसाळी दिवस. गुजरातीत ‘वादळ’ म्हणजे आजही ढगच. मराठीत मात्र हा शब्द ढग सोडून वाऱ्याकडे गेला. मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण हवामानशास्त्रसुद्धा ढग किती दाटले, पाऊस किती पडला यावर चक्रीवादळ ठरवत नाही. ते वारा बघतं.

भारतीय हवामान विभागाच्या मापात ताशी ३१ ते ५० किमी वारा असेल तर तीव्र कमी दाबाचे क्षेत्र, ५१ ते ६२ असेल तर अतितीव्र, आणि ६३ झाला की चक्रीवादळ. नावही तेव्हाच मिळतं. म्हणजे इथलं ‘अतितीव्र’ हे ‘कमी दाबा’चं विशेषण आहे, वादळाचं नव्हे. बातमी वाचताना नेमकी इथेच गल्लत होते.

उंबरठ्यावरचा निवाडा खरोखर कठीण असतो. मधूनच येणारा झोत धरत नाहीत. आपल्याकडे ३ मिनिटांची सरासरी घेतात, अमेरिकेत १ मिनिटाची. शिवाय वारा केंद्राभोवती पूर्ण फेरा घेतो का, हेही पाहावं लागतं. एका बाजूला जोरदार वारा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तर ‘चक्री’ म्हणायचं कशाच्या बळावर? भर समुद्रात वारा मोजायला सहसा कोणी नसतं. मग उपग्रहाच्या चित्रात ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळले आहेत ते पाहून ड्व्होराक पद्धतीने अंक देतात. २ आला तर अतितीव्र क्षेत्र, २.५ आला तर चक्रीवादळ. या अर्ध्या अंकावर दोन जाणकारांचं मत वेगळं पडू शकतं, आणि त्यात कुणाचीही चूक नसते.

पण दर्जा खालचा म्हणून धोका कमी, असं कृपया समजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये एका अतितीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने गुजरातेत पूर आणले. ते कच्छवरून अरबी समुद्रात उतरलं, तेव्हा कुठे चक्रीवादळ ठरून त्याला ‘असना’ नाव मिळालं, आणि ते किनाऱ्यापासून दूर निघून गेलं. लोकांचे हाल झाले ते नाव मिळण्याआधी. त्यांनी त्याला ‘वादळ’ म्हटलं असेल तर बोलीच्या अर्थाने ते बरोबरच होतं. अमुक वेगाची अट ‘चक्रीवादळ’ या पारिभाषिक शब्दाला आहे, ‘वादळ’ला नाही.

जाता जाता: ‘कमी दाबाचा पट्टा’ आणि ‘कमी दाबाचे क्षेत्र’ सर्रास एकमेकांसाठी वापरतात, ते टाळावं. पट्टा लांबट पसरलेला असतो. क्षेत्राला बंद घेर असतो. चक्रीवादळ होतं ते अशा क्षेत्राचं.